मागच्या कोपऱ्यातला बोल्ट

मी एक जुना बोल्ट आहे, मित्रांनो. तुमच्या करंगळीहून थोडा लांब, डोके षट्कोनी, अंगावर गंजाचे डाग. माझ्यासारख्याने आपली गोष्ट सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. ट्रकने सांगावी, इंजिनाने सांगावी, निदान चाकाने तरी सांगावी. बोल्टाचे कोण ऐकणार? पण घाटात त्या सकाळी जे घडले, ते माझ्याइतके जवळून कोणालाच कळले नाही. म्हणून धीर करतो आहे. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. तापून लाल झालेली पोलादी सळई, तिचा एक तुकडा, त्यावर यंत्राचा एक दणका, की झाले माझे डोके. मग अंगावर आटे पाडले. आटे म्हणजे बाटलीच्या झाकणात आतून दिसतात, तशा गोल चढत जाणाऱ्या रेघा. आम्हा बोल्टांची सगळी अब्रू त्या रेघांवर असते. मला वाटले होते, आपण एखाद्या पुलाला लागू, लोक येता-जाता पाहतील. पण मी लागलो एका ट्रकच्या इंजिनाला आणि तेही अगदी मागच्या कोपऱ्यात, जिथे दिवसाही उजेड पोचत नाही.

माझे काम काय, ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. आमच्या इंजिनाला सहा सिलिंडर. प्रत्येकात पेट्रोल जळते आणि त्याचा धूर एका बाजूच्या भोकांतून बाहेर पडतो. तो गोळा करून सायलेन्सरपर्यंत न्यायला इंजिनाच्या अंगाला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक जाडजूड नळा चिकटवलेला असतो. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. त्या नळ्याला इंजिनाशी घट्ट धरून ठेवणे, हे आमचे काम. माझे भाऊबंद पुढे रांगेत होते, मी सर्वांत शेवटी. माझ्या मागे वीतभर अंतरावर पत्रा होता आणि पत्र्याच्या पलीकडे केबिन. त्या पत्र्याला माझ्या नेमके समोर एक भोक होते. पूर्वी कधी तरी त्यातून एक वायर जात असे. वायर गेली, भोकाचे रबर झिजून गळून पडले, भोक राहिले. त्या भोकातून केबिनमधले अक्षर न् अक्षर मला ऐकू येई. माझे सगळे शिक्षण त्या भोकातून झाले म्हणा ना.

ट्रक अण्णांचा. अण्णा तेव्हा तरुण होते. दरीतल्या रोपवाटिकेतून कोबी, टोमॅटो, मिरची यांची रोपे घ्यायची आणि घाट चढून वरच्या शेतांवर पोचवायची, हा त्यांचा धंदा. शेजारी कोणी बसले की अण्णा घाटाची ओळख करून देत. प्रत्येक वळणाला त्यांनी नाव ठेवले होते. पहिले ते सासूचे वळण. "का म्हणजे? संपलं संपलं म्हणावं, तर पुन्हा सुरू होतं." मग न्हाव्याचे वळण, कारण तिथे कडा गालाला वस्तरा लावावा तसा आरशाजवळून जातो. त्यानंतर पाहुण्याचे. "कारण इथं गाडी थांबली की हलायचं नाव घेत नाही." आणि सर्वांत वरचे आंधळे वळण. त्यावर अण्णा विनोद करत नसत. तिथे हॉर्न वाजवत आणि गप्प होत.

किती वर्षे गेली, मी मोजली नाहीत. रोज तापून लाल व्हायचे, रोज गार पडायचे. पावसाळ्यात तापलेल्या अंगावर पाणी उडायचे आणि चर्र करून जीव कळवळायचा. कौतुक होई ते इंजिनाचे. "काय ओढतंय!" असे लोक म्हणत. बोल्टाला कोण काय ओढतो म्हणणार? आम्ही फक्त धरून ठेवतो. हळूहळू मी गंजाने इंजिनातल्या माझ्या भोकात असा रुतलो, की मी कुठे संपतो आणि इंजिन कुठे सुरू होते, ते माझे मलाच समजेना.

मग अण्णांचे गुडघे गेले. क्लच दाबताना ते कळवळत. खोकलाही मागे लागला, गार वारा सोसेना. एका सकाळी दार उघडून वेगळीच पावले केबिनमध्ये आली. हलकी आणि ठाम. ती अण्णांची मुलगी. सगळे तिला ताई म्हणत, अण्णा तेवढे बाई म्हणत.

ताई चांगली चालवायची. हे मी भीडेने म्हणत नाही, मला आतून कळते. अण्णा गिअर हाणून बसवत, ताई विचारून बसवल्यासारखी बसवी. पहिले वर्ष छान गेले. मग थंडी आली आणि ताईला झोप येऊ लागली.

रात्रभर झोपून आलेली मुलगी, घाट चढायला लागली की जांभया देई. आधी गाणे म्हणे, मग स्वतःला चिमटे काढी. "ऊठ, ऊठ," असे ती आपल्याच गालावर चापट मारून म्हणताना मी ऐकले आहे. एकदा पाहुण्याच्या वळणाजवळ ट्रक रस्ता सोडून खडीवर गेला, पुढचे चाक कठड्याच्या दगडाला जाऊन टेकले. पलीकडे दरी. ताई किती तरी वेळ स्टिअरिंगवर डोके ठेवून बसली होती.

ती गोष्ट घरी कळलीच. दुसऱ्या दिवशी अण्णा ट्रकजवळ उभे राहून म्हणाले, "मी या गाडीवर जन्म काढला, पण डुलकी म्हणून कधी आली नाही. लांबचा पल्ला बाईमाणसाला झेपत नाही असं तुझा चुलतभाऊ म्हणतो, ते काही उगाच नाही."

"त्याला सायकल झेपत नाही, अण्णा. मागच्या आठवड्यात म्हशीवर घातली."

"म्हैस उठून गेली. दरीतनं कोणी उठून येत नाही."



आणि मित्रांनो, मला कारण माहीत होते. त्या बिडाच्या नळ्याला, अगदी माझ्या बगलेत, केसाएवढी चीर पडली होती. घाट चढताना इंजिनावर जोर आला की ती चीर उघडे, तिच्यातून धूर फुसफुसत बाहेर येई आणि समोरच्या भोकातून सरळ केबिनमध्ये जाई. त्या धुरात एक वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो माणसाला झोप आणतो आणि ती झोप शेवटची ठरू शकते. थंडीमुळे काचा बंद. ताई झोपाळू नव्हती, तिला कोणी तरी झोपवत होते. आणि हे ज्याला ठाऊक होते, त्याला तोंडच नव्हते.

शेवटी इंजिनच टकटक आवाज करू लागले, म्हणून ताई ट्रक मिस्त्रींकडे घेऊन गेली. अण्णाही बरोबर होते. मिस्त्री म्हणजे अण्णांचे जुने दोस्त, हात काळे, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. बॅटरी घेऊन ते इंजिनावर ओणवे झाले. माझ्या अंगावर इतक्या वर्षांनी उजेड पडला. मिस्त्रींनी मागच्या पत्र्यावरून बोट फिरवले. बोट काजळ लावल्यासारखे काळे झाले. ते त्यांनी अण्णांच्या नाकासमोर धरले.

"अण्णा, हे बघा. पोरगी कुठली झोपते? धूर कोंडलाय केबिनमध्ये. नळा फुटलाय तुमचा."

अण्णा बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिले. माफी मागणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते एवढेच म्हणाले, "मग काढ तो नळा." आणि थोड्या वेळाने, "पण नळा बदलल्यावरही डुलकी आली, तर?"

"तर किल्ली तुमच्या हातात देईन," ताई म्हणाली. "मग ती म्हशीवाल्याला द्या, नाही तर म्हशीला द्या. मी मागणार नाही."

हे ती फणकाऱ्याने बोलून गेली. पण बोललेला शब्द गिळता येत नाही आणि पुढे तोच तिच्या गळ्यात अडकला.

तसला बिडाचा नळा आता कुठेच मिळेना. बाजारात मिळाले ते हेडर, म्हणजे सहा पातळ नळ्या, एका पट्टीला जोडलेल्या, पुढे जाऊन एकात मिळालेल्या. चकचकीत काळा रंग. "असले ढिगानं बसवलेत," मिस्त्री म्हणाले. पण ताईने शांतपणे ते त्यांच्या हातात सुलटे करून दिले, तेव्हा आम्हाला काय समजायचे ते समजले.

आता आम्हाला काढायला सुरुवात झाली. पुढचा पहिला भाऊ कुरकुरत निघाला. दुसरा निघाला. तिसरा निघता निघता टक् असा आवाज झाला. डोके पान्यात, धड इंजिनात. पुढे जागा होती म्हणून मिस्त्रींनी बरमा लावून ते धड कसेबसे बाहेर काढले. त्यात निम्मा दिवस गेला. मग एक-एक करत ते माझ्यापाशी आले.

"हा मोडला तर?" ताईने विचारले.

"मोडला तर सगळं इंजिन खाली उतरवायचं. इथं बरमा कुठून घालू? पत्रा आड येतोय."

"उद्या सकाळी रोपं भरायचीत. ट्रेमध्ये मुळं उघडी पडलीत त्यांची."

"मग माझ्याकडं बघू नकोस. बोल्टाकडं बघून हात जोड."

तिने खरेच जोडले की काय, मला दिसले नाही. मिस्त्रींनी गॅसची ज्योत माझ्यावर धरली. मी लाल झालो. पाना बसला, जोर आला. माझ्या मानेत काही तरी ताणले गेले, अगदी बारीक, जणू आता सुटेल. मी गंजाला चिकटलो होतो, गंज मला. मित्रांनो, मोडणे म्हणजे काय, ते मी त्या क्षणी शिकलो. आधी आवाज होत नाही, आधी फक्त ताण जाणवतो. मिस्त्रींनाही तो हाताला कळला असावा. त्यांनी पाना सोडला. "मेणबत्ती आण," ते म्हणाले.

तापलेल्या माझ्या मानेला त्यांनी मेणबत्ती टेकवली. मेण वितळले आणि आट्याआट्यांतून आत झिरपू लागले. पुन्हा पाना. थोडे उलटे, थोडे सुलटे. पुन्हा ज्योत, पुन्हा मेण. अण्णांचा खोकलाही थांबला होता. आणि मग माझा एक आटा सरकला. किंचित. त्यानंतर मी असा अलगद बाहेर आलो, की मिस्त्रींनाच खरे वाटेना.

त्यांनी मला फडक्याने पुसले आणि उजेडात धरले. "याला म्हणतात लोखंड! एवढी आग खाल्ली, पण हाडाचा पक्का. बघा अण्णा, आपल्या वेळचा माल!"

"आपल्याच वेळचा," अण्णा म्हणाले. "गुडघे सोडून बाकी सगळं शाबूत."

जन्मात पहिल्यांदा कोणी माझे कौतुक केले होते. मला मडगार्डवर नीट ठेवले गेले, भाऊ भंगाराच्या डब्यात गेले. मी फुगून गेलो. आणि त्या कौतुकानेच पुढचा घोटाळा केला.

हेडरबरोबर नवे बोल्ट आले होते. ते माझ्याहून आखूड होते. मिस्त्रींनी एक उचलून हसून दाखवला. "ही बघा आताची कंजुषी. एवढुसा बोल्ट! पुढं चालेल. पण मागं, जिथं सगळ्यांत जास्त आग, तिथं मी हा नाही लावायचा. तिथं आपला म्हाताराच लावतो."

मित्रांनो, तो बोल्ट कंजुषीने आखूड केलेला नव्हता. जुना नळा होता बिडाचा, त्याची कड माझ्या अर्ध्या अंगाएवढी जाड. हेडरची पट्टी पातळ. त्या पातळ पट्टीला आखूड बोल्टच हवा होता. मिस्त्री कामाला कच्चे नव्हते. पण जे मोडले नाही ते उत्तम, असे त्यांच्या मनाने घेतले आणि पुढे हिशेब केलाच नाही.

त्यांनी मला वॉशर घालून भोकात सोडले आणि फिरवत गेले. भोक आरपार नव्हते, त्याला तळ होता. माझे टोक त्या तळाला टेकले. डोके अजून पट्टीपासून नखभर लांब होते. वॉशर त्या फटीत सैल लोंबत होता. आणि पाना अडला.

"आहाहा! कसा बसला बघ. दगड!"

"पक्का?" ताईने विचारले.

"हात लावून बघ की."

तिने पाना धरून जोर केला. मी हललो नाही. कसा हलणार? तळाला टेकलो होतो. मी घट्ट होतो, पण मी काहीच धरून ठेवलेले नव्हते. आणि त्या कोपऱ्यात डोके घालून फट पाहावी, एवढी जागाच नव्हती.

इंजिन सुरू झाले. आवाज भारदस्त झाला होता. अण्णांना तो आवडला, पण त्यांनी "जरा मोठा आहे" असे म्हटले. थंड असताना शेजारच्या बोल्टाने पट्टी दाबून धरली होती, त्यामुळे धूर कुठे दिसला नाही. मिस्त्रींनी हात पुसत सांगितले, "पहिल्या दिवशी नळ्यांचा रंग जळेल. वास येईल, घाबरू नका. थोडी टिकटिकही होईल. नवं आहे, बसायला वेळ लागतो. उद्या परत आलात की सगळे बोल्ट पुन्हा आवळतो."

सकाळी रोपे भरून ट्रक निघाला. अण्णा हट्टाने शेजारी बसले. "बघू तरी तुझी जागरूकता," असे ते म्हणाले, पण मला वाटते त्यांना घाट पाहायचा होता. धुके होते. अण्णांना खोकल्याची ढास लागली, तशा ताईने दोन्ही काचा वरपर्यंत चढवल्या.

सासूचे वळण सुरू झाले. नळ्या तापल्या, पट्टी तापली आणि माझ्या बाजूला वाकून इंजिनापासून किंचित सुटली. पहिली फुंकर आली. ती माझ्या गालावरून गेली आणि समोरच्या भोकात शिरली.

माझ्यापाशी एकच गोष्ट होती, तो सैल वॉशर. इंजिन हादरत होते, वॉशर माझ्या अंगावर आपटत होता. खण, खण, खण. मला वाटत होते, आणखी जोरात, आणखी जोरात.

"कसला आवाज गं?" अण्णांनी विचारले.

"मिस्त्री म्हणाले ना, टिकटिक होईल."

"आणि वास?"

"रंग जळतोय."

सगळ्याची उत्तरे आधीच देऊन ठेवलेली होती. न्हाव्याचे वळण आले. "जपून," अण्णा म्हणाले, "गाल वाचव." ताई हसली. हसता हसता तिला जांभई आली. तिने ती दातांत दाबली, पण मला ऐकू आली. श्वास मध्येच अडकतो ना, तसा आवाज. अण्णांना ऐकू गेला नाही. थोड्या वेळाने दुसरी. तीही तिने गिळली.

बोलून टाक, असे मला वाटत होते. पण ती कशी बोलणार? बोलली असती तर किल्ली गेली असती. नवा नळा बसला होता, धुराचे कारण मिटले होते. आता झोप आली, तर ती तिचीच. मला तिचे नखाने तळहात खाजवणे ऐकू येत होते, पायांची चुळबूळ ऐकू येत होती. ट्रक एकदा कडेच्या खडीवर गेला आणि झटक्याने परत आला.

"अण्णा," ती घाईने म्हणाली, "बोला ना काही तरी. पुढचं वळण कोणाचं?"

"पुढचं..." अण्णा म्हणाले. "पुढचं ते न्हाव्याचं."

"ते गेलं की मागं."

"गेलं होय?" आणि मग खूप वेळ काही नाही. वॉशर आपटतच होता. धुके काचेला चिकटले होते. इंजिन जोर लावत होते आणि प्रत्येक जोराबरोबर फट मोठी होत होती.

"अण्णा, हे पाहुण्याचं ना?"

उत्तर नाही. मग एक आवाज आला. तो मी इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये कधी ऐकला नव्हता. अण्णा घोरत होते. नेहमीचे घोरणे नव्हे, खोल विहिरीतून आल्यासारखे, लांबलांब.

"अण्णा?"

तिचा आवाजही जड झाला होता, जीभ जड झाली होती. पुढे आंधळे वळण होते. मला वाटले, संपले. ती झोपणार आणि आम्ही सगळे, रोपांसकट, धुक्यात उतरणार. तेवढ्यात ती स्वतःशीच, तुटक तुटक बोलली. "अण्णा गाडीत झोपत नाहीत. अण्णा गाडीत कधीच..."

वाक्य पुरे झाले नाही. ब्रेक लागला. सगळा ट्रक कळवळला, रोपांचे ट्रे मागे एकमेकांवर आदळले. दार उघडले. गार वारा आत घुसला. धडपडत पावले फिरून पलीकडे गेली, दुसरे दार उघडले. "उठा! अण्णा, उठा!" फरफटत काही तरी खाली उतरले. मग इंजिन बंद झाले आणि वॉशर थांबला. मला फक्त तिचे हुंदके आणि गालावर मारलेल्या चापटा ऐकू येत होत्या. या वेळी तिच्या गालावर नव्हे, अण्णांच्या.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. तो वेळ मोजण्यासारखा नव्हता. मग एक खोकला आला. पाठोपाठ दुसरा, मग ढासच ढास. इतका गोड खोकला मी जन्मात ऐकला नाही.

"न्हाव्याचं... आलं का?" अण्णांनी विचारले.

"गेलं हो मागं," ताई रडत हसत म्हणाली. "गेलं."

ते दोघे कठड्याला टेकून मोकळ्या वाऱ्यात बसले. ताईने फोन करून मिस्त्रींना बोलावले. मग किल्लीचा आवाज झाला. "घ्या," ती म्हणाली. "मला जांभया येत होत्या. लपवल्या मी तुमच्यापासून. ठरलं होतं, तसं घ्या."

अण्णा काही वेळ श्वासच घेत राहिले. मग म्हणाले, "तुला जांभया आल्या. मला काय आलं मग?"

"झोप."

"जन्मात पहिल्यांदा. आणि जागं कोण राहिलं? ठेव ती किल्ली तुझ्याकडं. आणि पुन्हा जांभई आली तर मोठ्यानं दे. आ वासून दे. मला ऐकू आली पाहिजे."

मिस्त्री मोटरसायकलवरून धापा टाकत आले. त्यांनी आधी दोघांना वरच्या दवाखान्यात पाठवले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ काचा बंद राहिल्या असत्या, तर दवाखान्याची गरज पडली नसती. संध्याकाळी ते परतले, तोवर नळ्या गार झाल्या होत्या. मिस्त्रींनी मला बाहेर काढले. मी सहज आलो. मग त्यांनी रस्त्याकडेची गवताची काडी तोडून भोकात तळापर्यंत घातली, खूण करून बाहेर काढली, त्यावर पट्टीची जाडी धरली आणि ती माझ्याशेजारी ठेवली. मी नखभर जास्त होतो.

मिस्त्रींनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिले. "हात म्हणाला घट्ट," ते म्हणाले, "आणि मी हाताचं ऐकलं. ताई, माझं चुकलं गं."

"काडी उद्यापासून गॅरेजात टांगून ठेवा," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो असायलाच हवा होता. मिस्त्रींनी मान खाली घातली आणि मग खिशातून तो एवढुसा बोल्ट काढला. तो जागेवर असा चपखल बसला, की वॉशरचे हूं की चूं नाही. पत्र्याच्या भोकात त्यांनी रबरी बूच ठोकले. त्या बुचाबरोबर माझे ऐकणेही बंद झाले असते, पण तसे झाले नाही.

मिस्त्री मला दरीत भिरकावणार होते. त्यांचा हात वर गेलाच होता. "थांब," अण्णा म्हणाले. "दे इकडं."

अण्णांनी आपल्या बाजूची काच थोडी खाली केली, मला चौकटीत आडवे ठेवले आणि काच वर चढवली. काच माझ्यावर येऊन अडली. बोटभर फट राहिली. त्यांनी मला सुतळीने बांधून टाकले.

"वारा लागेल, अण्णा," ताई म्हणाली. "खोकत बसाल."

"खोकेन. खोकणारा माणूस जागा असतो."

तेव्हापासून मी तिथे आहे, मित्रांनो. रोपे त्या दिवशी उशिरा पोचली, थोडी मलूल झाली होती, पाणी मिळाल्यावर सावरली. ताई अजून ट्रक चालवते. अण्णा मफलर कानाला गुंडाळून शेजारी बसतात आणि वळणांची नावे सांगतात. एक नाव बदलले आहे. वरच्या वळणाला आता ते आंधळे म्हणत नाहीत, बाईचे वळण म्हणतात, आणि तिथे अजूनही हॉर्न वाजवायला लावतात.

मला उपदेश करता येत नाही. मी आयुष्यभर धरून ठेवण्याचे काम केले आणि आता उघडे ठेवण्याचे करतो आहे. पण एवढे मागतो. तुमच्या घरात कोणी सारखे दमत असेल, पेंगत असेल, कामात मागे पडत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा उठून पत्र्यामागे बोट फिरवून पाहा. बोट काळे होते का, ते पाहा. आणि काही दुरुस्त केलेत, तर ते हाताला घट्ट लागले म्हणून निश्चिंत होऊ नका. वाकून, उजेड धरून, फट उरली आहे का तेही पाहा. तोवर खिडकी बोटभर उघडी ठेवा.